म्हात्रेशेठच्या टाकीचं विरजण

माझ्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो कमी आणि किड्यांचे जास्त आहेत. कामोठे, नवीन पनवेल, करंजाडे, जिथे जिथे मी माशांच्या टाक्या साफ करायला जाते तिथली माणसं उठल्या उठल्या मला फोटो पाठवतात. काचेवर एक पांढरी रेघ, तीही हललेली, आणि खाली प्रश्न असतो, "ताई, हे काय आहे? मासे मरतील का?" कधी ती रेघ म्हणजे काचेवरचा ओरखडा निघतो. एकदा एका निवृत्त प्राध्यापकांनी मला तीन फोटो आणि एक व्हिडिओ पाठवला. रात्रभर झोप नाही म्हणाले. जाऊन बघते तर शेवईचा तुकडा. नातवाने उपमा माशांना वाढला होता.

गेली बावीस वर्षं मी हे काम करते आहे. त्याआधी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या बाटल्या धुवायचे, तिथलं एक भिंग नोकरी सोडताना मुख्याध्यापकांनी मला भेट म्हणून दिलं, ते आजही पर्समध्ये असतं. माझं दुकान नाही. एक स्कूटर, एक गुलाबी बादली, एक पाईप, एक जाळी आणि दोन स्पंज एवढाच माझा कारखाना. पाईपने तळातली घाण ओढायची तर आधी तोंडाने पाणी खेचावं लागतं, आणि ते ओठापर्यंत येण्याच्या क्षणी पाईप बादलीत सोडावा लागतो. तो क्षण चुकला की माशांच्या टाकीची चव कळते. मला ती चांगली ठाऊक आहे. पण बावीस वर्षांत कुणाच्या लादीवर एक थेंब सांडला नाही, हे मी न विचारता सगळ्यांना सांगते.

किड्यांचं म्हणाल तर लोकांना वाटतं किडा म्हणजे किडा. तसं नाही. केसासारखा बारीक, पाण्यात आठचा आकडा काढत वळवळणारा जो असतो तो बिचारा वाळूतली घाण खाऊन जगतो. मासे त्याला मटकावतात. तांदळाच्या कणीएवढे पांढरे ठिपके काचेवर सरकताना दिसले तर तेही निरुपद्रवीच, जरा खाणं कमी टाका की जातात. खरा त्रास तिसऱ्याचा. हा चपटा असतो. वळवळत नाही, काचेवरून नुसता घसरत जातो, जणू कुणी त्याला खालून ओढतंय. भिंग धरलं की डोकं त्रिकोणी दिसतं आणि त्यावर दोन काळे डोळे, असे जवळ जवळ की स्वारी तिरळी वाटते. पुस्तकात त्याला प्लॅनेरिया म्हणतात. मी चपट्या म्हणते.

हा चपट्या मला पहिल्यांदा भेटला तो करंजाड्याच्या म्हात्रेशेठकडे. त्यांच्या जमिनीवर आता टॉवर उभे आहेत आणि त्यांच्या हॉलमध्ये सहा फुटांची टाकी. मुंबईच्या बाजारातून त्यांनी हौसेने खरी झाडं आणून लावली होती, चपटे त्यांच्याबरोबरच आले असणार. एका मंगळवारी गेले तर शेठ स्टुलावर बसून दाढीच्या ब्लेडने काच खरवडत होते.

"काय गो बाय, ये काय हाय? आमी रोज पन्नास मारताव, तरी संपत नाय. दुप्पट होतान!"

मी भिंग लावलं. तिरळे डोळे माझ्याकडे बघत होते. शाळेत असताना सरांनी मुलांना शिकवलेलं मी बाटल्या धुता धुता ऐकलं होतं. ते तेव्हा आठवलं आणि मला हसूच आवरेना.

"शेठ, हा कापला की मरत नाही. दोन तुकडे केले की दोन होतात. तुम्ही रोज पन्नासाचे शंभर करताय."

शेठनी ब्लेडकडे बघितलं, मग काचेकडे, मग आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले, "ऐकलंस गो? आमी त्यांची पैदास करताव!"

मी एका मुरंब्याच्या बरणीत पाच-सहा चपटे घरी आणले. खरं सांगते, कामासाठी नाही, मला बघायचं होतं. एकाला बशीत घेऊन मधोमध कापलं. दोन्ही तुकडे थोडा वेळ गप्प राहिले आणि मग निवांतपणे दोन दिशांना चालू लागले. दोन आठवड्यांत शेपटीला डोकं आलं, तेही तिरळ्या डोळ्यांसकट. याचं तोंड डोक्यावर नसतं, पोटाच्या मध्यावर असतं. उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा कण टाकला की पोटातून एक नळी बाहेर काढतो आणि जेवतो. सून म्हणाली, "आई, तुम्ही त्याच ओट्यावर भाजी चिरता." मी बरणी खिडकीत हलवली. पण रोज सकाळी चहाच्या आधी बरणी बघायची सवय मला लागली ती लागलीच.

माशांना हा सहसा काही करत नाही. खातो ती अंडी, पिल्लं, कात टाकून मऊ पडलेली कोळंबी. म्हात्रेशेठच्या माशांची अंडी एकामागून एक नाहीशी होत होती, म्हणून औषध करणं भाग होतं. या किड्यावरची एक पावडर परदेशातून येते. तिच्या डबीवरचा मजकूर भिंगाने वाचला तर निघाली सुपारी! आपल्या कोकणात दारोदार वाळत पडलेली सुपारी डबीत बसून विमानाने परत येते, हे कळल्यावर मी घरची सुपारी उकळून एक चमचा पाणी बरणीत टाकून पाहिलं. चपटे वेटोळं करून तळाला गेले. पण किती पाण्याला किती सुपारी हे ठाऊक नसताना लोकांच्या टाकीत तो खेळ करणं मला पटलं नाही. दुसरा उपाय कुत्र्यांच्या जंतांचं औषध. ते आणायला मी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, "कुत्रं किती किलोचं?" मी म्हटलं, "कुत्रं नाही, टाकी आहे. चारशे लिटरची." त्यांनी चष्मा काढला आणि मला बसायला खुर्ची दिली.

औषध लागू पडलं. चपटे गेले. शेठच्या पिवळ्या गोगलगायीही गेल्या, कारण हे औषध गोगलगायींना मारतं हे मला नंतर कळलं. शेठच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "त्यांनी काय केलं होतं गो?"  तरी चपट्यांचा मी निकाल लावला याची फुशारकी मी त्या महिन्यात सगळीकडे मिरवली.

आता विरजणाचं सांगते. नवी टाकी भरली की तिचं पाणी कच्चं असतं. माशांची घाण त्यात तशीच राहते आणि विष होते. जुन्या टाकीच्या फिल्टरमधल्या स्पंजात डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढलेले असतात, ते ही घाण पचवतात. ते नव्या टाकीत आपसूक यायला महिना-दीड महिना लागतो. म्हणून मी जुन्या टाकीचा स्पंज नव्या टाकीत पिळते. शेजारणीकडून चमचाभर दही आणून दुधाला लावावं तसंच हे. आणि हे जंतू नळाच्या पाण्यातल्या औषधाने मरतात, म्हणून स्पंज, जाळी, पाईप यांतलं काहीही मी कधी नळाखाली धरलं नाही. टाकीच्याच पाण्यात खळबळायचं आणि पुढच्या घरी जायचं. हा माझा नियम होता आणि नवशिक्यांना मी तो ऐटीत शिकवत असे. सगळ्यांत मोठी, सगळ्यांत पिकलेली टाकी म्हात्रेशेठची. त्यामुळे विरजण नेहमी तिथलंच.

नझीरभाईंकडे ते मी स्वतःच्या हाताने घातलं.

नझीरभाई तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवून पनवेलला परतले, आणि वर्षभरातच त्यांच्या बेगम रुकय्याभाभींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. बोलणं शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्यांनी सांगितलं, रोज काहीतरी मोजायला द्या, मोठ्याने मोजू द्या. नझीरभाईंनी चमचे दिले, बदाम दिले. भाभींनी दोन दिवस मोजले आणि तोंड फिरवून घेतलं.

"शोभाताई, हिला मोजायला काहीतरी जानदार द्या," ते मला म्हणाले.

मासे फार पळतात. मी लाल कोळंबी सुचवली. नखाएवढी असते, चालते, थांबते, पुढच्या पायांनी खात बसते, लाल असल्याने हिरव्या पाल्यात उठून दिसते. नझीरभाई बघतच राहिले. "कोळंबी? पाळायची? ताई, आमच्या घरात कोळंबी आली की पयला मसाला विचारतात!"

पण टाकी आली. भाभींच्या पलंगाला लागून, त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत मी ती बसवली. त्याच दिवशी सकाळी म्हात्रेशेठकडून आणलेला स्पंज त्यात पिळला. ब्लेडचा प्रकार व्हायला तेव्हा अजून दोन महिने होते. शेठच्या टाकीत चपटे असतील असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

बारा कोळंब्यांनी सुरुवात झाली. नझीरभाई रोज सकाळी नमाजनंतर पलंगाशी वही घेऊन बसत आणि भाभी डाव्या हाताच्या बोटाने काचेवर दाखवत मोजत. महिन्याभरात कोळंब्यांच्या पोटाखाली अंडी दिसली, मग डासाएवढी पिल्लं. अठरा. सत्तावीस. ज्या दिवशी भाभी अडखळत का होईना पण पूर्ण "चालीस" म्हणाल्या, त्या दिवशी नझीरभाईंनी तो आवाज रेकॉर्ड करून मला पाठवला. किड्यांच्या फोटोंच्या गर्दीत तो मी अजून जपून ठेवला आहे.

मी पंधरा दिवसांनी एकदा जायचे. एकदा गेले तर भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ते...वीस." पाणी बदलता बदलता, मान वर न करता, मी म्हणाले, "भाभी, लपली असतील हो पाल्यात. नीट बघा." हे वाक्य मी लहान मुलीशी बोलावं तसं बोलले. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या खेपेला मी विचारलं, "भाभी, आज किती?" भाभींनी टाकीकडे पाहिलंच नाही. त्यांनी नझीरभाईंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चालीस."

नझीरभाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. आवाज खाली करून बोलू लागले.

"ताई, ती मागे चाललीय. चालीसवरनं तीस, तीसवरनं वीस. रोज कमी. डॉक्टर म्हणतात दुसरा छोटा झटका येऊन गेला असेल, शनिवारी मेंदूचा फोटो काढायचाय. मुलगी शारजाहून फोनवर रडते. म्हणते, अब्बा, आता मोजायला लावू नका तिला, तिचं दिल मोडतं. म्हणून मी सांगून टाकतो. रुकय्या, चालीस म्हण. ती म्हणते. मला बरं वाटावं म्हणून म्हणते, मला कळतं."

 मी बाहेर येऊन टाकीसमोर वाकले आणि प्रथमच मोजायला लागले. लाल ठिपके मला फार थोडे दिसले. कोळंब्या लपल्या असतील म्हणून मी पाला हलवला. पाल्यातून काहीच उडालं नाही. आणि काचेच्या कोपऱ्यात, वाळूच्या कडेला, एक पांढरी रेघ न वळवळता घसरत गेली.

हे किडे उजेडाला भितात. नझीरभाईंकडून मी एक चादर आणि फ्रिजमधून कच्च्या कोळंबीचा तुकडा मागितला. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून तुकडा आत घातला, बाटली तळाला सोडली आणि भरदुपारी टाकीवर चादर टाकली. नझीरभाई जोहरची नमाज पढले, चहा झाला. भाभी पलंगावरून त्या चादरीकडे टक लावून बघत होत्या. दीड तासाने चादर काढली. बाटलीच्या आत कोळंबीचा तुकडा दिसतच नव्हता, एवढे चपटे त्याला लपेटून होते. भिंग लावायची गरज नव्हती, तरी लावलं. तिरळे डोळे.

पहिल्यांदा मला, खोटं कशाला सांगू, मजाच वाटली. इथे हे आले कुठून? या घरात खरं झाड आलं नाही, पाला प्लास्टिकचा, बाहेरचं पाणी आलं नाही. या टाकीत माझ्याशिवाय कुणाचा हात जात नाही. मी मनातल्या मनात एकेक वाट बंद करत गेले आणि शेवटी एकच उरली, माझ्या गुलाबी बादलीतला स्पंज. म्हात्रेशेठकडे चपटे सापडले तेव्हा मी औषध दिलं, फुशारकी मारली, पण त्याच टाकीचं विरजण मी कुठे कुठे वाटलंय हे एकदाही आठवून पाहिलं नाही. 

पुढचं आधी सांगून टाकते. नझीरभाईंच्या टाकीला औषध दिलं, मेलेल्या किड्यांनी पाणी नासू नये म्हणून सलग पाणी बदललं, आठवड्याने पुन्हा एक मात्रा दिली. त्यांच्याकडच्या दोन गोगलगायी यावेळी मी आधीच काढून माझ्या घरी नेल्या, त्या अजून माझ्याकडेच आहेत. शनिवारी भाभींच्या मेंदूचा फोटो काढला. जुन्या डागाशिवाय त्यात काही नव्हतं. म्हात्रेशेठचं विरजण अकरा घरी गेलं होतं. अकरा घरी मी फोन केला, प्रत्येकाला सांगितलं की चूक माझी आहे, औषध मी करून देईन. दोघांनी माझं काम बंद केलं, त्यांचं बरोबर आहे. आता माझी प्रत्येक घराची जाळी आणि पाईप त्या घरीच राहतो, आणि विरजण मी कुणालाच देत नाही. नवी टाकी महिना-दीड महिना माशांविना ठेवा म्हणते. लोक कुरकुर करतात.

पण त्या दुपारचं राहिलं.

"नझीरभाई, दोन गोष्टी सांगायच्या आहेत," मी म्हणाले. "हे किडे कोळंबीची पिल्लं खातात. आणि ते माझ्या हातून आले. मी दुसऱ्या घरच्या टाकीतला स्पंज इथे पिळला होता."

मला वाटलं ते चिडतील. ते बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पिल्लं खातात म्हणजे... खरंच कमी होत होती?"

"हो."

"रोज?"

"हो."

माझ्या चुकीबद्दल त्यांनी तेव्हा काही विचारलं नाही, नंतरही नाही. ते उठले आणि उशीखालची वही काढली. मी प्रथमच ती आतून पाहिली. भाभींनी सांगितलेला रोजचा आकडा त्यात लिहिलेला होता, आणि चाळीसनंतरचा प्रत्येक आकडा खोडून त्याच्या शेजारी पुन्हा चाळीस लिहिलं होतं.

नझीरभाई स्टूल ओढून भाभींच्या डाव्या अंगाला बसले.

"रुकय्या. किती हायत?"

भाभींनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ हलले, "चा..."

"माझ्याकडं नको बघू," ते म्हणाले.  "काचेत बघ. तुला दिसतात तेवढ्याच सांग."

भाभींनी मान वळवली. डावं बोट काचेच्या एका टोकाला टेकलं आणि हळूहळू पुढे सरकू लागलं. मध्ये एका पानाशी थांबलं, मागे आलं, पुन्हा पुढे गेलं. मीही मागे उभी राहून मोजत होते. मला आठ दिसल्या.

"नऊ," भाभी म्हणाल्या.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. पुन्हा आठ. भाभींनी माझ्याकडे पाहिलं आणि बोट फिल्टरच्या नळीमागे नेलं. तिथे एक होती.

नझीरभाईंनी वहीत नऊ लिहिलं. मग मागचं पान उघडलं आणि खोडलेला एकेक आकडा वाचून, त्याच्या शेजारचं चाळीस काटून, भाभींचा आकडा पुन्हा लिहायला घेतला.